तोंडातला चट्टा अंगावर काढू नका

कामावरून आलेला माणूस जेवायला बसतो, पहिला घास तोंडात घालतो आणि ‘आज तिखट हात सोडून टाकलंय’ म्हणून बायकोवर डाफरतो. तिखट रोजचेच असते. पोरेबाळे तीच भाजी मुकाट्याने खात असतात. पण त्याच्या तोंडाची आग होते, ती खरीच होते. मग त्याची भाजी वेगळी काढणे सुरू होते. शेजारीण म्हणते, उष्णता झाली असेल, जिऱ्याचे पाणी द्या. मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचे पाकीट काढून देतो. यात सहा महिने जातात, वर्ष जाते, आणि एक दिवस भाकरीचा मोठा घास तोंडात जाईनासा होतो.

आपल्या वस्त्यांमधून फिरताना आम्हाला अशी माणसे नेहमी भेटतात. त्यांतल्या बहुतेकांना कर्करोग झालेला नसतो. पण कर्करोग ज्या वाटेने येतो, त्या वाटेवर ती उभी असतात, आणि तिथून परत फिरता येते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. तोंडाचा कर्करोग बहुधा एका रात्रीत उगवत नाही. आधी कितीतरी वर्षे तोंडाच्या आतल्या कातडीत बदल होत राहतात. डॉक्टर त्याला कर्करोगपूर्व अवस्था म्हणतात. पोटातला किंवा फुफ्फुसातला रोग पाहायला यंत्र लागते, इथे मात्र तोंड उघडले आणि बॅटरीचा उजेड टाकला की दिसते. असे असूनही माणसे शेवटच्या टप्प्यावर दवाखान्यात पोहोचतात, याची आम्हाला फार खंत वाटते.

ही अवस्था प्रामुख्याने तीन रूपांत दिसते.

पहिले रूप पांढऱ्या चट्ट्याचे. गालाच्या आतल्या बाजूला, हिरडीजवळ, जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली पांढरा, कधी करडा पट्टा दिसतो. बोटाने किंवा कापडाने पुसला तरी तो निघत नाही. पुसून निघणारा पांढरा थर बहुधा बुरशीचा असतो, त्याचे औषध निराळे. न निघणाऱ्या चट्ट्याला डॉक्टर ल्युकोप्लाकिया म्हणतात. तो दुखत नाही, आणि हीच त्याची मोठी खोड. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही.

दुसरे रूप लाल चट्ट्याचे. मखमलीसारखा लालभडक डाग, किंवा पांढऱ्यात मिसळलेले लाल ठिपके. हा पांढऱ्यापेक्षा कमी लोकांत आढळतो, पण धोका त्याहून पुष्कळ जास्त. लाल चट्ट्याचा तुकडा तपासला तर त्यात फार वेळा गंभीर बदल झालेले किंवा कर्करोग सुरू झालेला सापडतो. लाल चट्टा दिसला तर पगार होईपर्यंत थांबू नये.

तिसरे रूप आपल्याकडच्या तरुण पोरांत सर्वांत जास्त बोकाळले आहे, ते म्हणजे तोंड आखडणे. आधी तिखटाची आग होते, मधूनच बारीक फोड येतात. मग गालाची आतली बाजू फिकी पडते, संगमरवरासारखी पांढुरकी दिसते. बोट फिरवले तर दोरीसारखे कडक पट्टे हाताला लागतात. पुढे तोंड उघडणे कमी होते, जीभ पूर्वीसारखी बाहेर येत नाही, शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत हा विकार पाहिल्याची नोंद झाली, आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी तो आपल्या रुग्णांत वर्णन करून त्याला नाव दिले. रोग आपल्या माणसांचा, कारण सुपारी आपली.

सुपारीविषयी इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण तिच्याबद्दल आपल्या घरांत फार गैरसमज आहेत. ‘मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो,’ असे अभिमानाने सांगणारे कितीतरी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी ही स्वतःच, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग करणारी वस्तू आहे असा निर्वाळा दिला आहे. सुपारीत ॲरेकोलिन नावाचे द्रव्य असते. त्याने कातडीखालच्या पेशी जरुरीपेक्षा जास्त तंतू तयार करू लागतात. सुपारीतले तांबे ते तंतू एकमेकांत घट्ट विणते, आणि एकदा विणलेले तंतू शरीराला नीट मोडता येत नाहीत. जखम भरल्यावर कातडीवर जसा वण राहतो, तसा सबंध तोंडाच्या आत वण तयार होतो म्हणा. वर चुना असला की कातडी पोळते आणि विष आत शिरायला वाट मिळते. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, शहरातली गुटख्याची पुडी, या सगळ्यांत सुपारी, तंबाखू आणि चुना असे तिन्ही एकत्र येतात. पान खाणाऱ्याला हा त्रास व्हायला पुष्कळ वर्षे लागतात. पुडीतली सुपारी वाळलेली, बारीक आणि जास्त तीव्र, म्हणून पुडी खाणाऱ्या पोराचे तोंड थोड्याच वर्षांत आखडते.

एर्नाकुलम जिल्ह्यात अशा आखडलेल्या तोंडाच्या रुग्णांवर संशोधकांनी १७ वर्षे लक्ष ठेवले होते. त्यांचा निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या सात-आठ जणांना त्या काळात कर्करोग झाला. म्हणजे बहुतेकांना झाला नाही, हेही खरे. पण सात-आठांत आपण नसू अशी हमी कोण देणार?

मशेरीचा हिशेब कोण करतो?

घरातल्या बाईला विचारले, ‘मावशी, तंबाखू खाता का?’ तर ती तोंडाला पदर लावून म्हणते, ‘छे बाई!’ मग विचारावे, ‘मशेरी लावता का?’ ‘लावते की. सकाळी लावते, दुपारी भांडी झाली की लावते, रात्री लावल्याशिवाय झोप येत नाही.’ मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. ती दात घासायची वस्तू आहे असे समजून कित्येक घरांत आजीपासून नातीपर्यंत एकच डबी फिरते. दात दुखतो म्हणून पहिल्यांदा लावतात, मग दात पडला तरी मशेरी राहते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळला, आणि त्यांतले बहुतेकजण ती ओढत नव्हते, तोंडात ठेवत होते. बायकांचे तोंड मात्र सर्वांत उशिरा तपासले जाते. नवऱ्याच्या दुखण्यासाठी खाडा होतो, पोराच्या दुखण्यासाठी होतो, बाई आपल्या दुखण्यासाठी खाडा करत नाही.

कामाचाही यात मोठा वाटा आहे. सफाई कामगार सांगतात, गटारीत उतरताना बार भरल्याशिवाय वास सहन होत नाही. रात्रपाळीचा वॉचमन झोप उडवायला खातो, बांधकामावरची बाई भूक मारायला खाते. यांना व्यसनी म्हणून हिणवणे सोपे आहे, आम्ही तसे करणार नाही. आपला समाज आणि तंबाखू यांचे नाते पोटाशी जोडलेले आहे. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी १९३० च्या दशकात विडी कामगारांची संघटना बांधली, तेव्हा आपल्याच आयाबहिणी आणि बाप दिवसभर विड्या वळत होते. ज्यांनी तंबाखूतून पैसा केला ते वेगळे, आणि ज्यांची तोंडे नासली ते वेगळे.

काही उपासक मात्र आमच्याशी वाद घालतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारूचे नाव आहे, तंबाखूचे नाही. पाचव्या शीलातही नशेच्या पेयांचा उल्लेख आहे, सुपारीचा नाही. शब्दांत नाही हे मान्य. पण सकाळी डबी सापडली नाही म्हणून अख्खे घर डोक्यावर घेणाऱ्या माणसाचे मन त्याच्या ताब्यात आहे का, हे त्याच्या बायकोलाच विचारावे.

आपले तोंड आपण पाहावे

महिन्यातून एकदा, पाच मिनिटे. आपल्याकडे पौर्णिमा ध्यानात राहते, म्हणून पौर्णिमेचा दिवस धरावा. हात धुवावेत, कवळी असेल तर काढून ठेवावी, खळखळून चूळ भरावी. दारातल्या उजेडात आरसा घेऊन बसावे किंवा मोबाईलची बॅटरी लावावी. आधी ओठ उलटून पाहावेत, वरचा आणि खालचा. मग बोटाने एकेक गाल बाहेर ओढून आतली बाजू थेट मागच्या दाढेपर्यंत पाहावी. खालची हिरडी आणि गाल यांच्यामधली खोबण, जिथे तंबाखूची गोळी ठेवायची सवय असते, ती जागा सर्वांत नीट पाहावी. आपल्याकडचे बरेचसे कर्करोग तिथेच उगवतात. जीभ बाहेर काढून स्वच्छ कापडाने टोक धरावे आणि दोन्ही कडा पाहाव्यात, मग जीभ टाळूला लावून खालची बाजू पाहावी. विडी ओढणाऱ्याने टाळू विसरू नये. शेवटी बोट फिरवून कुठे कडक, खरखरीत किंवा जाड लागते का ते चाचपावे, आणि जबड्याखाली व मानेला गाठ आहे का तेही.

तोंड किती उघडते हे पाहायला स्वतःचीच तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. मोठ्या माणसाची तिन्ही बोटे जायला हवीत. दोनच जात असतील तर आखडायला सुरुवात झाली आहे असे समजून दाखवायला जावे. शाळेतल्या मोठ्या पोरांनाही हा खेळ म्हणून करायला लावा. कोण चोरून पुडी खातो हे मारल्याने कळत नाही, पण अशाने कधी कधी कळते.

पुसून न जाणारा पांढरा चट्टा, कोणताही लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेले तोंड किंवा जखम, विनाकारण हलणारा दात, कडक गाठ, यांपैकी काहीही आढळले तर आपणच निदान करू नये. गाल चावल्याने, तुटलेल्या दाताची धार लागल्यानेही पांढरे होते, आणि ते निरुपद्रवी असू शकते. ते ठरवणे दंतवैद्याचे काम.

तुकडा काढण्याची भीती

डॉक्टर चट्टा पाहतात, दाताची धार घासून देतात, व्यसन बंद करायला सांगतात आणि साधारण दोन आठवड्यांनी परत बोलावतात. चट्टा तरी राहिला, किंवा पहिल्याच नजरेला तो लाल, खडबडीत वा जखमी दिसला, तर त्यातला बारीकसा तुकडा काढून तपासणीला पाठवतात. यालाच बायोप्सी म्हणतात. आणि इथेच आपली माणसे पळतात. ‘हत्यार लागले की कॅन्सर पसरतो’ ही समजूत वस्त्यांतून इतकी खोल रुजली आहे, की शिकलेले जावई-सुनासुद्धा ती बोलून दाखवतात.

आमच्या ओळखीच्या एका सफाई कामगाराला गालात चट्टा होता. तुकडा काढायची तारीख मिळाली, आणि आदल्या रात्री भाऊबंदांनी त्याला थांबवले. आठ-नऊ महिने त्याने झाडपाल्याचा लेप लावला. नंतर त्याच्या जबड्याचा भाग काढावा लागला. भाऊबंद म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो ना, अखेर कॅन्सरच निघाला. हत्यार लावले नव्हते तेव्हाच तो वाढला, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

तुकडा काढल्याने कर्करोग होत नाही. तेवढी जागा बधीर करण्याचे इंजेक्शन देतात, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा घेतात, लागलाच तर एखादा टाका घालतात. दहा-पंधरा मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी. अहवालात डिस्प्लेशिया असा शब्द असेल तर पेशींची घडी बिघडू लागली आहे असे समजावे. सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा त्याच्या पायऱ्या आहेत. सौम्य असेल तर पुष्कळदा व्यसन सोडून दर तीन-सहा महिन्यांनी तपासणी करत राहायचे. मध्यम किंवा तीव्र असेल तर तो भाग शस्त्रक्रियेने किंवा लेसरने काढून टाकतात. काढल्यावर चट्टा परत येऊ शकतो, म्हणून तपासणी थांबवायची नसते. अहवाल चांगला आला तरीही नाही, कारण तुकडा एकाच जागेचा घेतलेला असतो.

गोळ्यांनी चट्टा जातो का, असे सगळे विचारतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी काही चट्टे फिके होतात, पण त्यामुळे पुढचा कर्करोग टळतो याचा भरवशाचा पुरावा नाही. औषधाच्या दुकानातून महागड्या गोळ्या आणून इकडे पुडी चालू ठेवणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे.

आखडलेल्या तोंडाचा उपचार चिकाटीचा आहे. सुपारी बंद, हे पहिले. मग गालात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेझची इंजेक्शने ठरावीक दिवसांनी देतात, आणि तोंड उघडण्याचा व्यायाम शिकवतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवत जायची. तोंड फारच बंद झाले असेल तर कडक पट्टे कापून त्या जागी दुसरीकडची कातडी किंवा गालातली चरबी लावतात. पण शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने व्यायाम केला नाही तर तोंड पुन्हा आखडते. झालेले तंतू पूर्ण जात नाहीत, हे खरे सांगितले पाहिजे. पुढचे थांबवता येते, खाणे-बोलणे सुधारते, आणि वेळेवर तपासणी होत राहिली तर कर्करोग झालाच तरी कोवळा सापडतो.

सोडल्याने खरेच फरक पडतो का? एर्नाकुलम जिल्ह्यातच तंबाखू घेणाऱ्या १२,२१२ जणांवर दहा वर्षे लक्ष ठेवले गेले. ज्यांनी सोडली त्यांच्यात नवे चट्टे येण्याचे प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी राहिले. सोडताना पहिले तीन-चार दिवस अवघड जातात. डोके दुखते, चिडचिड होते, शौचाला साफ होत नाही. घरच्यांनी त्या दिवसांत भांडण काढू नये, एवढी मदत पुष्कळ झाली. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप, फुटाणे, आवळा काहीही चघळावे, फक्त सुपारी नाही. निकोटिनची चघळायची गोळी मिळते. ज्याचे तोंड आखडले आहे त्याला ती चघळता येत नाही, त्याने डॉक्टरांना अंगाला लावायच्या पट्टीबद्दल विचारावे. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन केला तर सोडण्यासाठी सल्ला मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. पुडीवर भिस्त मात्र कायद्याची ठेवू नये. महाराष्ट्रात गुटख्यावर पहिली बंदी २००२ साली आली, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली आणि ती पुढे वाढवली गेली. पुडी कुठे मिळते हे तरीही गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असते.

दाखवायचे कुठे? तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात धरलेली आहे. वस्तीतल्या आशाताईंना विचारा, जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे, तिथे कमी खर्चात तपासणी होते. कर्करोग निघाला तर परळचे टाटा रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठावे.

आणि विहारांच्या कार्यकर्त्यांसाठी थोडे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तपासणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. घरोघर जाऊन, बॅटरी लावून त्यांनी तोंडे पाहिली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच चाचणीत, ज्यांना पुढे डॉक्टरांकडे पाठवले होते त्यांतले शंभरात सुमारे ६३ जणच तिथे पोहोचले. वर्षावासात ग्रंथवाचनाला बायाबापड्या, म्हातारीकोतारी रोज जमतात. त्यांतल्या एका रविवारी दंतवैद्याला बोलावून शिबिर ठेवावे, बायकांसाठी आडोसा आणि शक्यतो बाई डॉक्टर असावी. ज्याला पुढे पाठवले त्याचे नाव आणि तारीख एका वहीत लिहावी, सोबत कोण जाणार तेही तिथेच ठरवावे, आणि पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर वही उघडून एकेकाला विचारावे, जाऊन आलात का.